डेस्कटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह बसवताना आलेले अनुभव

जुन्या सीडी-डीव्हीडींवरचे फोटो हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचेत, म्हणून डेस्कटॉपमध्ये ड्राइव्ह बसवणार आहे. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी जरूर लिहा: कुठे अडलं, कशाने सुटलं. 'आता सीडी कोण वापरतं?' हा प्रश्न कृपया नको.

*

आधी कॅबिनेटला ५.२५ इंची बे, म्हणजे ड्राइव्ह बसवायचा कप्पा, आहे का ते बघा. हल्लीच्या पुष्कळ कॅबिनेटमध्ये तो नसतोच. ड्राइव्ह पुढून आत सरकवावा लागतो, त्यामुळे पुढचं प्लास्टिक पॅनल काढणं आलंच. त्यामागे कधी कधी पत्र्याची झाकणी असते, ती मागेपुढे हलवून तोडायची. कडा चांगल्याच धारदार असतात, माझं बोट साक्षीला आहे. स्क्रू एम-३, म्हणजे बारीक आट्यांचे. साडेतीन इंची हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे असतात, ते इथे पिळू नका.

*

माझा ड्राइव्ह बसला झकास, ट्रेही बाहेर यायचा, पण बायोसमध्ये (मशीन सुरू होताना जोडलेली उपकरणं ओळखणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) नावच नाही! ट्रे हलतोय म्हणजे पॉवर ठीक, तेव्हा संशय डेटा केबलवर. ती बदलली, काही फरक नाही. ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला तर ठणठणीत चालला. शेवटी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडलं. एम.२ स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरची पट्टीसारख्या एसएसडीची खाच) एसएसडी असेल तर अमुक सॅटा पोर्ट (ड्राइव्हची डेटा केबल लावायची जागा) बंद राहतो, असं तळटीपेत बारीक अक्षरात छापलेलं. मी नेमका तोच पोर्ट धरला होता. केबल शेजारच्या पोर्टात लावली आणि विंडोजने लगेच ड्राइव्ह दाखवला. ही गोष्ट तळटीपेत का टाकतात कोण जाणे.

*

तुम्ही सॅटावाले सुखी आहात. आमच्या वेळी सॅटाच्या आधीची ४० पिनांची चपटी आयडीई केबल, आणि एका केबलवर दोन उपकरणं. ड्राइव्हच्या पाठीमागचा जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, मास्टरवर (पहिलं उपकरण) की स्लेव्हवर (दुसरं) हे ठरवायचं. दोघंही मास्टर झाले की घरातल्यासारखंच, कोणाचंच काम होत नाही. केबलची लाल कड पॉवरच्या बाजूला ठेवायची, हा तेव्हाचा मंत्र. शिवाय ऑडिओ सीडीचा आवाज साउंड कार्डाला पोचवायला वेगळी बारीक वायर. ती विसरली की गाणं सुरू दिसायचं, पण स्पीकर गप्प.

*

बे नव्हता, म्हणून मी डेस्कटॉपचाच ड्राइव्ह साध्या यूएसबी-सॅटा केबलने बाहेरून जोडायला गेलो. चालत नाही. त्याला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात आणि यूएसबी पोर्टातून सहसा ५ च मिळतात. वेगळा पॉवर अ‍ॅडॅप्टर असलेली केबल घ्या, नाहीतर सरळ यूएसबीचा स्लिम ड्राइव्ह. फोटो उतरवण्यापुरता तो पुरतो.

*

बसवण्याबद्दल वर सगळं आलंय, पुढचं सांगतो. विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट चालवायची सोय विंडोजमध्ये आपोआप येत नाही. ड्राइव्ह बिघडला असं समजून परत करायला निघू नका, व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाका. घरी राइट केलेल्या जुन्या डिस्क मात्र लहरी. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसऱ्याने निमूट वाचली, असं माझ्याकडे बऱ्याचदा झालंय. म्हणून नवा बसवला तरी जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नका. आणि डिस्क आत अडकली तर पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घाला, मशीन बंद करून.