सल्ला हवा: ओढ्याचा वास, कचरा की धूर, हे ओळखणारं हातातलं यंत्र

काठावरचा: पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या काठाने फिरवायला छोटं यंत्र जुळवायचंय. गटाराची हवा, ओला कचरा आणि डिझेल जनरेटरचा धूर यांतला फरक सांगता यायला हवा. हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड असे चार इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर (वायू लागला की बारीक करंट देणारे) डोक्यात आहेत. की एमक्यू मालिकेतले, आत हीटर असलेले स्वस्त सेन्सर चालतील? अँप्लिफायरला तपकीर गल्लीत मिळणारा एलएम३५८ आणि ओळखायला न्यूरल नेटवर्क. जाणकारांनी सांगावं.

शून्यरेषा: एमक्यू नको. एकेकाचा हीटर ५ व्होल्टला १५० मिलिअँपिअरच्या आसपास खातो.

सल्फर डायऑक्साइडही काढा. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच असतं, धुरात काय सापडणार? त्याऐवजी नायट्रोजन डायऑक्साइडचा घ्या. धुरात तो वर जातो आणि हायड्रोजन सल्फाइडला बहुतेक मॉडेलांत उलटा, खाली जातो. ही उलटी खूण ओळखीला सोन्यासारखी. मात्र ओझोनलाही तो वर जातो, म्हणून ओझोन फिल्टरवालाच बघा.

एलएम३५८ चा इनपुट बायस करंटच (तो स्वतः इनपुटला घेतो तो) दहा-वीस नॅनोअँपिअरच्या घरात, आणि सेन्सरचा सिग्नलही तेवढाच. शिवाय त्याचा काही मिलिव्होल्टचा ऑफसेट थेट इलेक्ट्रोडवर बसतो. ओपीए२३७६ सारखा सीमॉस इनपुटवाला घ्या. १०० किलोओहमवर १०० नॅनोअँपिअर म्हणजे १० मिलिव्होल्ट. एडीएस१११५ या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) ±२.०४८ व्होल्ट रेंजवर त्या १६० पायऱ्या दिसतात, पुरे. ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर असेल तर त्याचा स्वतःचा एडीसी वापरू नका, आणि वाचन घेताना वायफाय बंद.

यंत्र बंद असताना सेन्सरचे वर्किंग आणि रेफरन्स इलेक्ट्रोड जे१७७ ट्रान्झिस्टरने शॉर्ट राहू द्या, नाहीतर चालू केल्यावर शून्य स्थिरावायला तासन् तास जातात.

काठावरचा: शून्य घ्यायला शुद्ध हवा लागेल, त्यासाठी सिलिका जेल आणि कोळसा?

पाषाणकर: फक्त ॲक्टिव्हेटेड कोळसा. सिलिका जेलमधून कोरडी ठक्क हवा आली की ओलाव्याच्या धक्क्यानेच सेन्सर उडी मारतो, आणि ती उडी तुम्ही वास समजून शिकवाल. कोळसा कार्बन मोनॉक्साइड मात्र अडवत नाही, म्हणून शून्य रस्त्यापासून लांब घ्या. नळी टेफ्लॉनची. रबरी नळीला अमोनिया चिकटतो आणि पुढच्या नमुन्यात उतरतो.

एका नमुन्याला १ मिनिट शुद्ध हवा, २ मिनिटं नमुना, मग किमान ५ मिनिटं धुणं. अमोनियाचा सेन्सर आळशी, त्याला आणखी वेळ लागला तर द्या.

शून्यरेषा: +१. हे यंत्र ड्रेनेज चेंबरमध्ये उतरायच्या आधीची तपासणी म्हणून वापरू नका. तिथे प्रमाणित चार-वायू मीटरच लागतो. १०० पीपीएमच्या पुढे हायड्रोजन सल्फाइडचा वासही येईनासा होतो.

पाषाणकर: न्यूरल नेटवर्क राहू द्या. प्रत्येक सेन्सरचे तीन आकडे काढा: शून्यापासूनची वाढ, पहिल्या ३० सेकंदांचा चढ, धुताना उतरायचा वेळ. सोबत तापमान आणि आर्द्रता. यावर एलडीए किंवा रँडम फॉरेस्ट अशी वर्गीकरणाची साधी पद्धत भरपूर झाली.

खरी गोम चाचणीत आहे. नमुने सरमिसळ करून शिकवायला ८० आणि तपासायला २० टक्के असे वाटले तर अचूकता छान दिसते, कारण एकाच दिवसाचा ड्रिफ्ट (शून्याचं हळूहळू सरकणं) दोन्हीकडे असतो. अख्खे दिवस बाजूला ठेवून तपासा. एप्रिलच्या दुपारी ३० अंशांच्या वर शून्य करंट झपाट्याने चढतो, जुलैत ओलावा वेगळाच. दोन्हींचे नमुने नसतील तर "माहीत नाही" हा चौथा वर्ग ठेवा आणि शिकवलेल्या नमुन्यांपासून अंतर जास्त आलं की यंत्राला तेच म्हणू द्या.