ब्रिस्टलच्या त्या एक पेनीवरून
चर्चच्या सभासदांचे छोटे गट काढले की चर्च आपोआप वाढतं असं बरेच जण म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. वर्षानुवर्षं तीच आठ-दहा माणसं बसतात आणि नवीन कोणी आलं की अवघडतात असेही गट पाहिलेत. यात मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा विषय कोणी काढत नाही म्हणून सांगतो, १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या मंडळीवर इमारतीचं कर्ज होतं, ते फेडायला साधारण बारा-बारा जणांचे गट पाडले, दर आठवड्याला माणशी एक पेनी, आणि ज्याला जमणार नाही त्याची गटप्रमुखाने भरायची. मग हे प्रमुख पैशासाठी घरोघर जायला लागले तेव्हा कोणाचं कसं चाललंय, कोण श्रद्धेपासून लांब जातंय हे दिसायला लागलं, आणि वेस्लींनी लगेच ओळखलं की आपल्याला हेच हवं होतं. मेथडिस्टांची क्लास मीटिंग, म्हणजे अशा छोट्या गटाची दर आठवड्याची बैठक, त्यातून आली.

आणि हे प्रमुख बहुतेक पाळक नव्हतेच, साधी कामकरी माणसं, पुढे त्यात बायकाही पुष्कळ होत्या. त्यामुळे गटात अभ्यास कोणता घ्यायचा यावर इतकी चर्चा करण्यापेक्षा जो या आठवड्यात आला नाही त्याच्या घरी कोण जाणार हे आधी ठरवा असं मला फार मनापासून वाटतं.