मदत हवी आहे: वॉरंटीत बदलून दिलेला फोन रिफर्बिश्ड निघाला, शेतात लोकेशनच धरत नाही

नमस्कार मंडळी. प्रश्न वडिलांच्या फोनचा आहे. थोडं लांबेल, पण नीट सांगितलं तरच कोणाला नेमका सल्ला देता येईल.

मी लातूरला नोकरी करते. वडील (आम्ही त्यांना दादा म्हणतो) औसा तालुक्यात गावी शेती बघतात. मागच्या पाडव्याला, २ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. ज्या कंपनीचं सिम ते वापरतात तिच्याच लातूरच्या दुकानातून, रिचार्जच्या ऑफरमध्ये, ९,४९९ रुपयांना. वॉरंटी एक वर्षाची आणि बिघाड झाला तर फोन त्याच दुकानात आणायचा, असं बिलावर छापलेलं आहे.

जुलैत एका सकाळी फोन चालूच होईना. पाण्यात पडला नव्हता की आपटला नव्हता. दुकानानं ठेवून घेतला, जॉबशीट (दुरुस्तीची पावती) दिली. बारा दिवसांनी दादांना फोन आला की बोर्ड गेलंय, पार्ट मिळत नाही, बदली फोन घेऊन जा. दादा एसटीनं गेले, दाखवलं तिथं सही केली आणि फोन घेऊन आले. त्यांना वाटलं नवाच मिळाला.

रविवारी घरी गेले तेव्हा बघितलं. साधं पांढरं खोकं, आत चार्जर नाही. जॉबशीटवर बारीक अक्षरात 'रिफर्बिश्ड', म्हणजे दुरुस्त करून पुन्हा दिलेला जुना फोन, असं लिहिलेलं. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) अर्थातच वेगळा, पण बिलावर अजून जुनाच आहे. हे सगळंही चाललं असतं. पण हा फोन शेतात लोकेशन धरत नाही. बांधावर उभं राहिलं की कधी शेजारच्या गटात दाखवतो, कधी गोल गोल फिरत राहतो. ई-पीक पाहणी (सरकारी ॲपवर पिकाची नोंद) १ ऑगस्टपासून सुरू आहे आणि सोयाबीनचा फोटो गटात उभं राहूनच काढावा लागतो. दादा तीन दिवस रानात जाऊन परत आले. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर हमीभाव केंद्रावर माल घेत नाहीत, अतिवृष्टीची मदत आली तरी अडचण होते. यंदा (२०२५-२६) सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे आणि बाहेर आडतीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून जीव टांगणीला लागलाय.

दुकानवाले म्हणतात, "सही करून घेतलाय, आता काही होत नाही."

माझे प्रश्न: नव्या फोनच्या बदल्यात रिफर्बिश्ड देता येतो का? सही झाल्यावर खरंच काही करता येत नाही का? आणि आमचा जो फोन त्यांनी ठेवून घेतला त्यात दादांचं सगळं होतं. स्क्रीनच लागत नव्हती, त्यामुळे काही पुसता आलं नाही. तोही असाच दुरुस्त होऊन दुसऱ्या कोणाच्या हातात जाईल ना?

उदगीरचा दुकानदार

ताई, मी दहा वर्षं मोबाईल दुरुस्ती करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. बहुतेक वॉरंटीच्या अटींत 'नवा किंवा रिफर्बिश्ड' असं लिहिलेलंच असतं. तुमच्या अटी वाचा, पण 'जुना का दिला' यावर भांडण लावू नका, तिथं ते जिंकतील. भांडायचं ते 'दिलेला फोन चालत नाही' यावर. सही फोन मिळाल्याची आहे, तो चांगला असल्याची नाही.

आधी पुरावा करा. लोकेशनच्या सेटिंगमध्ये अचूकतेचा पर्याय चालू आहे ना ते बघा, तो बंद असला तरी असंच होतं. मग उघड्या रानात पाच मिनिटं थांबा आणि शेजाऱ्याचा फोन बाजूला धरून दोन्हींचे नकाशे एकाच व्हिडिओत घ्या. एकाला जागा सापडते, दुसऱ्याला नाही, हे दिसलं की दुकानात वाद उरत नाही. उघडून पुन्हा बसवलेल्या फोनमध्ये अँटेनाचा संपर्क नीट बसला नाही तर नेमका हाच दोष येतो. आमच्याकडे असे बरेच येतात.

मांजराकाठ

पाहणीसाठी फोनची वाट बघत बसू नका हो. एका मोबाईलवरून दुसऱ्या खातेदाराचीही नोंद करता येते. भावकीत कोणाचाही चांगला फोन घ्या आणि आजच उरकून टाका. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर गावातले सहायक राहिलेले गट करतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. पाऊस लागला की रानात पायच घालता येत नाही.

कायद्याचं बोलतो

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत पोचवतात आणि पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं. नाहीतर लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं.

दुसरं, बिलावर नवा आयएमईआय नसणं ही किरकोळ बाब समजू नका. उद्या फोन हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो बंद करायला बिल कामी येतं. दुकानाच्या शिक्क्यानिशी 'या क्रमांकाऐवजी हा क्रमांक दिला' असं पत्र घ्याच. आणि बदली फोन हातात येताच *#०६# दाबून आयएमईआय बघा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून तो १५ अंकी क्रमांक, असा मेसेज १४४२२ ला पाठवा. क्रमांक खरा आहे की काळ्या यादीतला, ते कळतं.

उदगीरचा दुकानदार

जुन्या फोनचं राहिलं. दादांच्या गुगल खात्यात जाऊन दूरवरून डेटा पुसायची आज्ञा देऊन ठेवा, आणि ती पूर्ण होईपर्यंत तो फोन खात्याच्या यादीतून काढू नका. तो फोन कधी इंटरनेटला जोडला गेला तर पुसला जाईल. सिम तुमच्याकडेच आहे, त्यामुळे पैशांच्या ॲपची फार काळजी नको. पण आतल्या फोटोंचं काय होईल ते आधीच का नाही सांगितलं म्हणून दुकानाला जरूर विचारा. आम्ही फोन घेतानाच गिऱ्हाइकाला विचारतो.

(मूळ प्रश्नकर्ती, आठ दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. पाहणी त्याच संध्याकाळी चुलत्यांच्या फोनवरून झाली. चारही गट झाले, दादा निवांत झोपले.

शनिवारी व्हिडिओ आणि लेखी तक्रार घेऊन दुकानात गेले. आधी तेच, "सही केलीय." १९१५ वरचा तक्रार क्रमांक दाखवल्यावर मॅनेजर बाहेर आले. बुधवारी दुसरा फोन दिला. हाही रिफर्बिश्डच आहे, अटींत तसं लिहिलेलं निघालं. या वेळी घेण्याआधी १४४२२ ला मेसेज केला, त्यांच्यासमोर फोन रिसेट करून आधीच्या कोणाचं खातं विचारतो का ते बघितलं, मग रस्त्यावर जाऊन लोकेशन लावलं. अर्ध्या मिनिटात धरलं. शिक्क्याचं पत्रही मिळालं. जुना फोन कुठं गेला ते मात्र कोणालाच सांगता आलं नाही. पुसायची आज्ञा दिलीय, ती अजून 'प्रलंबित' दाखवते.

एकच शंका उरली. पत्रात वॉरंटी १ नोव्हेंबर २०२५ पर्यंतच लिहिली आहे. बदली फोनला त्या दिवसापासून वेगळी मुदत मिळवता आली आहे का कोणाला? मिळाली असेल तर अर्जात काय लिहिलं होतं ते कृपया सांगा, या शनिवारी पुन्हा जाणार आहे.