मदत हवी आहे: मातिसच्या 'खिडकी'ची चांगली प्रिंट

मंडळी, हॉलमध्ये फ्रेंच चित्रकार आंरी मातिसचं 'उघडी खिडकी, कोलिऊर' (१९०५) लावायचंय. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, जेमतेम ५५ बाय ४६ सेंमी. तेवढीच प्रिंट हवी, उगाच भिंतभर नको. मागे एक ऑनलाइन मागवली होती. होड्यांखालचं गुलाबी पाणी चक्क विटकरी आलं, आणि पावसाळ्यात कागद फुगला तो वेगळाच! फोव्ह म्हणजे भडक, मोकळ्या रंगांची शैली; त्या चित्रातला रंगच गेला तर उरलं काय?

आता कॉटन कागदावर, पिगमेंट शाईत (सहजी न फिकटणाऱ्या) छापलेली घ्यावी म्हणते. ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद पुरेल ना? आधी छोटा नमुना छापून दाखवणारं कुणी माहितीय का? भिंतीवर दुपारी ऊन येतं, तर यूव्ही काच (उन्हातले अतिनील किरण अडवणारी) लावू का? फ्रेमवाले काका कॅनव्हासच घ्या म्हणतायत.