पीआरपीने अस्तर वाढतं, पण मूल?

केतकी_पुणे
आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) पॅकेजमध्ये हल्ली पीआरपी, म्हणजे प्लेटलेट्सचं प्रमाण जास्त असलेला प्लाझ्मा, सर्रास घातलेलं दिसतं. हातातून १५-२० मिली रक्त काढतात, मशीनमध्ये फिरवून प्लेटलेट्सचा भाग वेगळा करतात आणि त्यातलं जेमतेम अर्धा-एक मिली बारीक नळीने गर्भपिशवीत सोडतात. प्लेटलेट्समधल्या घटकांमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, गर्भ जिथे रुजतो ते पिशवीचं आतलं अस्तर जाड होतं, अशी त्यामागची कल्पना.

पण ज्यांचं अस्तर मुळात ८-९ मिमी, म्हणजे पुरेसं जाड आहे त्यांच्याही बिलात हे कशाला? २०१५ साली चीनमधून याचा पहिला गाजलेला अहवाल आला, त्यात बायका होत्या फक्त ५. पाचही जणींना दिवस राहिले, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. २०२४ च्या कॉक्रेन आढाव्यातही (उपचारांवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) पुरावा फार कच्चा असल्याचंच म्हटलंय. एवढ्यावर पैसे घेणं मला पटत नाही.

सानिका
ताई, उपयोग होत नाही असंही कॉक्रेनने म्हटलेलं नाही, ते का गाळलंत? माझं अस्तर ६ च्या वर सरकतच नव्हतं. इस्ट्रोजेनच्या गोळ्या वाढवून झाल्या, रक्तप्रवाह वाढवणारं सिल्डेनाफिल झालं, दर वेळी सोनोग्राफीनंतर "या महिन्यात नको" ऐकून घरी. गर्भ गोठवलेले तसेच पडून. माझ्यासारखीला मोठ्या अभ्यासाची वाट बघायला सांगणार? तोवर वय थांबणार आहे का? पीआरपीनंतर ७.२ आलं आणि ट्रान्सफर झाली, म्हणजे गर्भ पिशवीत सोडला. दिवस राहिले नाहीत, तरीही पुन्हा वेळ आली तर मी करून घेईन.

केतकी_पुणे
सानिका, तुला राग येणं साहजिक आहे. माझा आक्षेप तुझ्या निर्णयावर नाहीच. पण त्याच महिन्यात गोळ्यांचा डोसही वाढवला असेल, तर ७.२ नक्की कशामुळे आलं? अस्तर तसंही महिन्यागणिक थोडं कमीजास्त होतं.

निशिगंध
मी वंध्यत्व विभागात परिचारिका आहे. तुम्ही दोघी आकड्यावर भांडताय, पण अस्तर पातळ का आहे हे कोणी विचारतच नाही. आपल्याकडे जननमार्गाचा टीबी हे मोठं कारण आहे. दुसरं म्हणजे क्युरेटिंगनंतर (पिशवी आतून खरवडून साफ केल्यावर) पिशवी आतून चिकटणं. अस्तराचा तळचा थरच खरवडला गेला असेल, तर वरून काहीही सोडा, उगवणार कुठून? दुर्बिणीने आत न बघता थेट पीआरपी सुचवलेल्या बायका मी पाहिल्यात आणि त्याची मला चीड येते. आत चिकटलेलं आधी सोडवायला हवं, टीबी असेल तर त्याचा पूर्ण कोर्स हवा.

सानिका
माझी दुर्बीण झाली होती, टीबीची तपासणीही. काही सापडलं नाही. कारणच सापडत नाही अशा आम्ही कुठे जायचं, ते सांगा ना.

निशिगंध
तुझ्या बाबतीत करून बघायला माझी हरकत नाही. फक्त खर्च आधी लेखी घे आणि डॉक्टरांना विचार, तुमच्याकडे पीआरपी घेतलेल्यांपैकी किती जणींची बाळंतपणं झाली? अस्तर किती जणींचं वाढलं, हे उत्तर घेऊन उठू नकोस.