मदत हवी आहे: सीबी ७५०ची फ्रेम कापून हेडवरचा भाग बोल्टचा करून घ्यावा का? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

गाडी होंडा सीबी ७५०, के२, १९७२ची. सासऱ्यांच्या थोरल्या भावांची. ते बोटीवर नोकरीला होते. गाडी मुंबईत उतरली, पासिंगही तिथेच झालं, आणि निवृत्तीनंतर ते नागपूरला आले तेव्हा तीही इथे आली. आता माझ्याकडे आहे. कागद नीट आहेत, चेसिस नंबर हँडलच्या मानेवर स्वच्छ वाचता येतो, रंग सोडला तर बहुतेक सगळं मूळचं.

दुखणं तेलाचं. हेड (इंजिनाचा सगळ्यात वरचा भाग) आणि त्याखालचा सिलिंडरचा ब्लॉक यांच्या जोडाजवळून तेल झिरपतं, इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्यांमध्ये, म्हणजे बाहेरच्या पातळ पात्यांमध्ये, उतरतं आणि तिथे भाजून तपकिरी खपली धरतं. मे महिन्यात व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभं राहिलं की सायलेन्सरच्या पाइपवर थेंब पडतो, धूर निघतो आणि शेजारचा स्कूटरवाला हेल्मेटची काच वर करून "भाऊ, जळून राहिलं काही" म्हणतो. मागच्या मालकांच्या काळातही हेड उघडून पॅकिंग बदललं होतं. काही दिवस बरं, मग पुन्हा तेच.

ज्यांनी हे इंजिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हेडचे नट बहुतेक वरच्या कव्हरखाली आहेत आणि इंजिन फ्रेममध्ये असताना ते कव्हर निघत नाही. स्क्रू सोडवून उचलायला गेलं की फ्रेमच्या वरच्या नळ्यांना टेकतं. तिरपं करा, मागे सरकवा, उपयोग नाही. म्हणजे एक साधं पॅकिंग बदलायला किंवा नुसते नट पुन्हा आवळायलाही पूर्ण इंजिन बाहेर. चार कार्बोरेटर, चार सायलेन्सर, तेलाच्या टाकीचे पाइप, चेन, केबली, वायरिंग, आणि मग ऐंशी किलोच्या आसपासचं धूड उजव्या बाजूने काढायचं. दोघांच्या कमरा जातात आणि फ्रेमचा रंगही जातो.

आमच्या मेकॅनिकचं म्हणणं सरळ आहे. "हेडच्या वरच्या नळ्या कापू, मधला तुकडा नट-बोल्टचा करू. पुढच्या वेळी टाकी काढली की कव्हर हातात." परदेशात या गाडीवर लोक हे करतात हे मीही वाचलं आहे. शिवाय होंडानेच पुढे १९७९च्या डबल कॅमच्या सीबी मालिकेत उजवीकडची खालची नळी सुटी, बोल्टवर बसणारी दिली होती. म्हणजे कल्पना वेडगळ नाही.

तरी करवत लावायला हात धजत नाही. जोड कसा असावा, दोन चकत्या समोरासमोर ठेवून आवळलेला की आत भरीव दांडा घालून? बोल्ट कुठले? कापताना फ्रेम सरकू नये म्हणून काय करतात? अमरावती रोडला शंभरच्या वर हँडल हलायला लागलं तर काय, हा विचार झोपू देत नाही. नागपुरात आर्गन वेल्डिंग हाताने चांगलं करणारे आहेत, पण त्यातल्या कुणी दुचाकीची फ्रेम केलेली मला माहीत नाही. अनुभव असलेल्यांनी लिहा.

खरादी_हिंगणा:

भाऊ, हिंगणा एमआयडीसीत लेथवर दिवस काढतो, म्हणून जोडाचंच बोलतो. करायचं की नाही ते तुमचं तुम्ही पाहा.

चकत्यांचा जोड विसरा. समोरचा ब्रेक दाबला की फोर्क हँडलची मान पिळते आणि त्याचा मोठा ताण वरच्या नळ्यांवर येतो. तिथे चकत्या लावल्या तर ताण बोल्टच्या आट्यांवर. आज नाही, पण कधीतरी सुटणारच.

नळीच्या दोन्ही तोंडांत भरीव दांडा जायला पाहिजे, नळीच्या व्यासाच्या दीडपट तरी आत. नळीला बाजूने भोकं पाडून त्यातून वेल्ड भरायचं आणि तोंडावर गोल वेल्ड वेगळं. बाहेर राहिलेलं टोक अर्धं कापायचं, सुट्या तुकड्याचं टोकही अर्धं, म्हणजे एकावर एक बसून पुन्हा गोल नळी दिसते. त्यातून आडवे दोन बोल्ट, एक नाही. एका बोल्टवर तुकडा फिरतो. भोक ड्रिलने सोडून द्यायचं नाही, रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) मारायचा. दोन टोकं जिथे एकमेकांवर टेकतात तिथे बोल्टचा गुळगुळीत भाग आला पाहिजे, आट्या नाही. १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे पोलादी बोल्ट घ्या. चमकते म्हणून स्टेनलेस लावाल तर ताकदीत मार खाल, बाजारात मिळणारं साधं स्टेनलेस त्याच्या जवळपासही येत नाही.

आणि दोन्ही नळ्या एकदम कापू नका बावा! कापली की फ्रेम आतल्या ताणाने उघडते, मग बोल्ट भोकात जात नाही आणि लोक हातोडीने बसवतात. आधी मान आणि मागचा भाग यांच्यामध्ये अँगल टाकून बांधा, एक बाजू पूर्ण करा, थंड होऊ द्या, मग दुसरी. मानेजवळची जी पत्री वेल्ड केलेली असते तिच्यापासून लांब कापा. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्याशिवाय वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नका, हे सांगायला नको, पण सांगून ठेवतो.

भाऊ_काहूनकापता:

खरादीबुवांनी इतकं छान सांगितलं की आता माझ्या राजदूतचीही कापावी वाटून राहिली. पण राजेहो, एकदा पॅकिंग बदललं की वर्षानुवर्षं पाहायचं नाही, त्यासाठी फ्रेम काहून कापता?

जुनी_पासिंग (पुणे):

जोडाच्या आधी कागदांचा विचार करा. गाडीची पहिली नोंदणी होऊन ५० वर्षं झाली असतील तर ती विंटेज म्हणून नोंदवता येते. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत हे आलं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुढे पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क, नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए ही अक्षरं, नोंदणी दहा वर्षांची. आयात केलेल्या गाड्याही त्यात येतात.

पण व्याख्येतच अट आहे की गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तुम्ही वेल्ड करून बोल्टचा तुकडा बसवलात तर हा फेरफार नाही असं अधिकाऱ्याला पटवणं तुमच्याकडे. विंटेज करायची नसेल तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलीस टाकी उचलून नळ्या पाहत बसतील असं नाही. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर पाहतो.

एक लक्षात ठेवा, विंटेज नोंदणी झाली की गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुम्ही व्हरायटी चौकात रोज दिसत असाल तर तोही विचार करा.

मूळ लेखक:

पुणेकर, हे मला खरंच माहीत नव्हतं. मुंबईचं पासिंग १९७४चं आहे, म्हणजे ५० वर्षं झाली. रोज फिरवत नाही. रविवारी सकाळी फुटाळ्यापर्यंत आणि कधी कोराडीला.

खरादीभाऊ, तुमचा जोड कागदावर काढून मेकॅनिकला दाखवला. तो म्हणाला, "एवढं कोण करते? मी तर आपला पाइपात पाइप घालून मारणार होतो." तेव्हाच पोटात गोळा आला. पण मग प्रश्न तसाच राहतो. दर वेळी इंजिन कसं काढायचं?

डबल_स्टँड:

आधी हे सांगा, तेल हेडच्या जोडातूनच येतं हे कशावरून? या इंजिनाला वर तेल गळायच्या जागा बऱ्याच आहेत. टॅकोमीटरची केबल पुढून कव्हरमध्ये जाते तिथलं सील, टॅपेटच्या गोल झाकणांच्या ओ-रिंगा, कव्हरच्या कडेचे स्क्रू. हवेने तेल मागे पसरतं आणि शेवटी जोडाच्या कडेला जमा होतं. बघणारा म्हणतो हेड गेलं.

डिझेल आणि ब्रशने इंजिन पूर्ण धुवा, वाळवा, पंख्यांवर टाल्कम पावडर मारा. दहाएक किलोमीटर हळू चालवा. तेल जिथून निघतं तिथे पावडर आधी काळी होते. सील आणि झाकणांच्या रिंगा इंजिन न काढता बदलता येतात.

आणि काढायचंच ठरलं तर उलटं करा. फ्रेममधून इंजिन काढू नका, इंजिनावरून फ्रेम काढा. पेट्रोलची टाकी, बॅटरी, कार्बोरेटर, सायलेन्सर काढायचे. तेल दोन ठिकाणचं उपसायचं, इंजिनाच्या खालचं आणि बाजूच्या टाकीतलं. पुढचा तेलाच्या फिल्टरचा डबाही काढा, नाहीतर तोच नळीत अडकतो. पुढचं स्प्रॉकेट, चेन, केबली, वायरी सोडवा. पॉइंटचं (इग्निशनच्या ठिणगीची वेळ साधणाऱ्या भागाचं) झाकण काढून बाजूला ठेवा, ते उजवीकडे असतं आणि पहिलं तेच फुटतं. मग जाड गादीवर किंवा जुन्या टायरवर गाडी उजव्या कुशीवर झोपवायची, वजन क्लचच्या कव्हरवर न येता आजूबाजूला लाकडी ठोकळ्यांवर येईल असं. इंजिनाचे बोल्ट काढून दोघांनी फ्रेम सरळ वर उचलायची. चाकं आणि फोर्क आधीच काढले असतील तर फ्रेम फार जड नाही. बसवतानाही असंच, इंजिन झोपलेलं, फ्रेम वरून खाली. रंगावर ओरखडा येत नाही, कंबर शाबूत. नळ्यांना जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळा म्हणजे झालं.

बोल्ट काढताना कुठला कुठून निघाला ते पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यातच खोचत जा. लांबी वेगवेगळी आहे. एखाद्या बोल्टखाली अर्थची वायर असते, ती बसवायची राहिली तर गाडी चालू होणार नाही आणि तुम्ही कार्बोरेटर उघडत बसाल.

खरादी_हिंगणा:

हे बेस्ट. माझ्या धंद्याचं नुकसान झालं पण बेस्ट. हेड उघडालच तेव्हा तोंड सरळ आहे का पाहा, सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालायचा, तिरपाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. हेड वाकडं असलं तर कितीही पॅकिंग बदला, तेल येणारच. मग प्लेन करावं लागेल, आणि ते खरंच चांगल्या ठिकाणी करा. घासकागदावर हेड फिरवून कोणी करून देतो म्हणाला तर गाडी घेऊन निघा.

मूळ लेखक:

रविवारी धुऊन पावडर मारली. दोन ठिकाणी निघालं. पुढे टॅकोमीटरच्या सीलपासून खाली पट्टा आला, तो मोठा, आणि मागे डाव्या कोपऱ्यात जोडातूनही खरोखर आहे, बारीक पण स्पष्ट. म्हणजे हेड उघडावं लागणारच, पण रस्त्यावर थेंब पाडणारं तेल बहुतेक सीलचं.

फ्रेम कापणं रद्द. मेकॅनिक थोडा नाराज झाला, मग "झोपवायची" पद्धत ऐकून स्वतःच गादी कुठली आणायची ते सांगू लागला. पावसाळ्याआधी नको, घरात जागा होत नाही. दिवाळीनंतर उघडतो.

एक शेवटचं विचारतो. ब्लॉकच्या वरच्या तोंडावर, हेडला तेल जिथून चढतं तिथे दोन ओ-रिंगा असतात. त्या साध्या रबराच्या घ्याव्या की व्हायटनच्या (जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराच्या)? मूळ मापाच्या नागपुरात मिळतील असं वाटत नाही.

डबल_स्टँड:

व्हायटन. तिथे चांगलंच तापतं. साधं नायट्राइल रबर शंभर-एकशेवीस अंशांच्या पुढे कडक होतं, व्हायटन दोनशेच्या आसपास टिकतं. मापासाठी जुनी रिंग दुकानात नेऊ नका, ती दबून चपटी झालेली असते आणि दुकानदार तेच माप देतो. व्हर्नियरने खाचेचा व्यास आणि खोली मोजून न्या. रिंग खाचेच्या वर थोडी उभी राहिली पाहिजे, म्हणजे हेड बसल्यावर दबते. दोन लागतात, चार घ्या.