बदामीहून दोन दिवस उशिरा का?

बी-२०२ : ताई, सगळे सुखरूप आलात, बरं वाटलं. पण मनातलं विचारते. तुमच्याबरोबर बदामीला कडे चढायला गेलेली पोरं रविवारी घरी यायची होती, ती आज मंगळवारी सकाळी आली. आमच्या चिरंजीवांचं प्रॅक्टिकल बुडलं. तो म्हणतो शनिवारी पहाटे पाऊस झाला, पण नऊ वाजता कडक ऊन होतं. मग त्याच दिवशी का चढला नाहीत?

बी-५०३ : काकू, प्रॅक्टिकल बुडलं ते माझ्यामुळे. त्याचं वाईट वाटतंय. थांबायचं मीच ठरवलं.

बी-५०३ : बदामीचा खडक वालुकाश्म आहे. वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला. कणांच्या मधल्या बारीक फटींतून पाणी आत मुरतं आणि कणांना धरून ठेवणारा लेप सैल पडतो. वरचा पापुद्रा उन्हात लगेच सुकतो, हाताला कोरडा लागतो, आतली ओल मात्र राहते. अशा वेळी जोर दिला की होल्ड, म्हणजे हातापायाने धरायची खाच किंवा उंचवटा, निखळू शकतो. चढणारा पडतो ते तर आहेच. पण तुटलेली पकड परत येत नाही हो. उद्या ज्याला ती वाट चढायची आहे त्याची पकड आपण मोडून आलेलो असतो. मला ते नाही करायचं.

सी-१०४ : पण आपल्या नाशिकजवळच्या अंजनेरीला पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी मुलं दोर घेऊन जातात की.

बी-५०३ : काका, तो बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून झालेला, त्याचे स्फटिक एकमेकांत गच्च गुंतलेले. ओला असला की निसरडा होतो, पण वाळूच्या दगडासारखा आतून हळवा होत नाही. आपल्याकडे सुट्या दगडांची भीती जास्त, म्हणून हेल्मेट काढू देत नाही.

सी-१०४ : म्हणजे पांडवलेणी बेसाल्टमधली आणि बदामीची लेणी वालुकाश्मातली! दोन्ही पाहिलीत, दगडाकडे लक्षच गेलं नाही.

बी-५०३ : शनिवारी मुलांना लेण्यांतच नेलं. तिसऱ्या लेण्यात शके ५०० चा शिलालेख आहे, म्हणजे इ.स. ५७८. भिंतींवर तांबडे-पिवळे पट्टे दिसतात ते वाळूचे थर. लेण्यांच्या जवळपास आपण चढत नाही, चढाईच्या भिंती वेगळ्या. पण असल्याच थरांच्या आडव्या कडा सोमवारी बोटांखाली आल्या तेव्हा पोरं हरखून गेली.

ए-३०१ : सोमवारी सुकलं हे कशावरून ठरवलं?

बी-५०३ : भिंतीच्या पायथ्याची माती चार बोटं उकरायची. खाली ओल लागली तर खडकातही आहे असं धरायचं. रविवारी लागली. सोमवारी माती भुरभुरीत होती. मग दोर काढले.

बी-२०२ : आणि आमचा?

बी-५०३ : काकू, टॉप रोपवर होता, दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे माथ्यावर पक्क्या केलेल्या आधारातून, खाली माझ्या हातात. हार्नेसचे, म्हणजे कमरेच्या पट्ट्याचे, बकल आणि दोराची आठाची गाठ आम्ही दोघांनी एकमेकांची तपासली, त्याशिवाय पाय उचलू दिला नाही. मधल्या फुगवट्याखाली तो दहा मिनिटं अडकला. हातांवर लोंबकळत होता. पाय वर घे, म्हटलं. बुटाचा नुसता पुढचा भाग खडबडीत दगडावर दाबून उभा राहिला आणि चिकटला. वालुकाश्माची मजा ही आहे, दिसायला काही नसतं आणि पाय धरून राहतो. वरून त्याने हाक मारली ती मी विसरणार नाही.

बी-२०२ : घरी आल्यापासून हेच सांगतोय. कॉलेजचं मी सरांशी बोलते. थांबलात ते बरं केलंत.

बी-२०२ : बोटांची टोकं मात्र सोलून निघालीत, पॉलिश पेपर घासल्यासारखी. खोबरेल लावू का?

बी-५०३ : रात्री जरूर लावा. रविवारी अंजनेरीला यायचं असेल तर सकाळी मात्र नको, पकड सुटते. त्याला नखंही कापून ठेवायला सांगा. सहाला गेटवर.